पटापासून पोर्टलपर्यंत : विद्यार्थी-प्रगतीच्या नोंदींचा इतिहास आणि मीरा-भाईंदर

प्रस्तावना

शाळेतील मूल किती शिकले हे कोणी सांगावयाचे आणि ते कोणाला सांगावयाचे, या दोन प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्रात गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली आहेत. हजेरीपट, जनरल रजिस्टर, शेरेबुक, प्रगतिपुस्तक ही या प्रवासातील साधने होत. २०१५ साली 'सरल' ही संगणकीय प्रणाली आली आणि कागदावरील नोंदींचे युग संपून नव्या युगास आरंभ झाला, अशी भावना शासकीय वर्तुळात व्यक्त झाली. मात्र नोंदीचे साधन बदलले म्हणजे नोंदीचा हेतू बदलतो असे नाही. प्रस्तुत लेखात या साधनांचा ऐतिहासिक मागोवा घेऊन, मीरा-भाईंदरसारख्या स्थलांतरितांच्या शहरात त्यांचे काय झाले याचा विचार केला आहे.

मीरा-भाईंदरची निवड सकारण आहे. साष्टीच्या उत्तर टोकावरील उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वा, नवघर, घोडबंदर, काशी, मीरा, भाईंदर ही मुळात मासेमारी, मिठागरे आणि शेती यांवर जगणारी गावे. १९८५ साली यांतील काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत तिप्पट होणाऱ्या शहरात शाळेच्या पटावरील नाव ही स्थिर गोष्ट राहत नाही. मूल एका शाळेच्या पटावर असते, दुसऱ्या शाळेत बसते आणि तिसऱ्या गावाहून त्याचा दाखला यावयाचा असतो. नोंदव्यवस्थेची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

दिपोटीची फेरी

१८५४ चा वुडचा खलिता आणि त्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्थापन झालेले शिक्षण खाते यांच्यापासून शाळा तपासणीची पद्धत रूढ झाली. मराठी मुलखात 'दिपोटी' या नावाने ओळखला जाणारा डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येई, मुलांची परीक्षा घेई आणि शेरेबुकात शेरा लिहून जाई. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने परीक्षेच्या निकालानुसार शाळांना अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली होती. त्याच दशकात मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानासाठी निकालाचा निकष स्वीकारण्यात आला. किती मुले उत्तीर्ण झाली यावर किती रुपये मिळणार हे ठरू लागले. साहजिकच तपासणीच्या दिवशी कोणत्या मुलास पुढे बसवावयाचे आणि कोणास घरी ठेवावयाचे, याचे शास्त्रही विकसित झाले.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात तपासणीविषयी अत्यंत व्यवहारी निरीक्षण आढळते. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरचा फारसा उपयोग होत नाही, शाळांची तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि मधूनमधून पूर्वसूचना न देता शाळांना भेटी द्याव्यात, असे फुले यांनी सुचविले होते. पूर्वसूचनेचा हा मुद्दा किरकोळ वाटण्याजोगा असला तरी या संपूर्ण इतिहासाची किल्ली त्यातच आहे. तपासणी केव्हा होणार हे ज्यास ठाऊक असते, तो शाळा नव्हे तर तपासणी सजवितो, हे फुले यांनी ओळखले होते. हंटर आयोगाने प्राथमिक शाळांच्या बाबतीत निकालानुसार अनुदानाची पद्धत उचलूनच धरली. १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावानंतर ती मागे पडली.

अनुदानाचा हा प्रकार गेला तरी नोंदीची दिशा तीच राहिली. शाळेकडून वरच्या कार्यालयाकडे माहिती जाई. खाली, म्हणजे पालकाकडे, येई ते प्रगतिपुस्तक, आणि त्यावरही पालकाच्या सहीला किंवा अंगठ्याला जेवढे महत्त्व असे तेवढे आतील मजकुरास क्वचितच असे.

जिल्हा परिषद ते 'डायस'

१९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदांच्या स्थापनेने ठाणे जिल्ह्यातील गावोगावच्या प्राथमिक शाळांची व्यवस्था निश्चित झाली. विस्तार अधिकाऱ्याचे बीट आणि पुढे १९९० च्या दशकात केंद्रप्रमुखाचे पद ही त्या व्यवस्थेची अंगे होत. मुख्याध्यापकाच्या कपाटात जनरल रजिस्टर असे. त्यातील जन्मतारीख, जात, पूर्वीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण या रकान्यांना कायदेशीर मोल होते आणि आजही आहे. येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाच्या जातीची आणि जन्मतारखेची नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकते, त्याच्या वाचनाची नोंद मात्र वर्ष संपताच रद्दीत जाते. दाखल्यावर 'अभ्यासातील प्रगती' असा रकाना असतो. त्यात बहुधा 'बरी' किंवा 'समाधानकारक' एवढाच शब्द लिहिण्याची प्रथा पडली. शंभर वर्षांच्या शालेय दप्तरातून मुले प्रत्यक्षात काय शिकली हे शोधू जाणाऱ्या अभ्यासकाच्या हाती हा एक शब्द येतो.

संगणकाचा शालेय माहितीतील प्रवेश १९९० च्या दशकाच्या मध्यास झाला. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर आलेल्या 'डायस' या माहिती प्रणालीत शाळा हे एकक होते. खोल्या किती, शौचालये किती, शिक्षक किती, ३० सप्टेंबरचा पट किती, अशी ही मोजणी. सर्व शिक्षा अभियानात तिचा देशभर विस्तार झाला आणि २०१२-१३ पासून माध्यमिक शाळांसह एकत्रित 'यू-डायस' रूढ होऊन प्रत्येक शाळेस अकरा अंकी क्रमांक मिळाला. या प्रणालीत मूल ही संख्या होती, व्यक्ती नव्हती. एखाद्या शाळेच्या चौथीत चाळीस मुले आहेत हे त्यातून कळे. ती मागच्या वर्षी तिसरीत असलेलीच मुले आहेत की नव्याने आलेली, हे कळण्याची सोय नव्हती. काशीमीरा परिसरातील आदिवासी पाडे, बांधकामांवरील मजुरांच्या वस्त्या आणि उत्तनचे कोळीवाडे एकाच शहरात सामावलेल्या मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी हा भेद निर्णायक ठरतो. दहा मुले गेली आणि दहा आली, तर पट कायम राहतो आणि गळती शून्य दिसते.

बोटाला शाई

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर विशेष पटपडताळणी करण्यात आली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानाप्रमाणे मुलांच्या बोटाला शाई लावण्यात आली. पटावरील लक्षावधी मुले वर्गात आढळली नाहीत. पन्नास टक्क्यांहून अधिक विद्यार्थी अनुपस्थित असलेल्या शाळांचा वेगळा वर्ग करून त्यांच्यावरील कारवाईचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला.

या घटनेचा अर्थ केवळ भ्रष्टाचाराच्या अंगाने लावणे अपुरे आहे. शिक्षकांची पदे संचमान्यतेने ठरतात आणि संचमान्यता पटावर अवलंबून असते. पटावरील नाव कमी झाले की पद जाते, तुकडी जाते, क्वचित शाळाही जाते. अशा स्थितीत सहा महिने न आलेल्या मुलाचे नाव कमी न करणे हा काही ठिकाणी लबाडीचा, तर काही ठिकाणी निव्वळ जिवंत राहण्याचा मार्ग होता. शिवाय हंगामी स्थलांतर करणारे कुटुंब पावसाळ्यात परत येईल या अपेक्षेने नाव राखून ठेवणारा शिक्षक आणि अनुदानासाठी खोटी नावे लिहिणारा संस्थाचालक हे दोघेही शाई लावणाऱ्या पथकाच्या दृष्टीने सारखेच ठरले. फुले यांनी पूर्वसूचनेविना भेट मागितली होती. १२९ वर्षांनी भेट झाली ती तारखा जाहीर करून, आणि तरीही एवढी तफावत निघाली, हे विशेष.

'सरल' या प्रणालीचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला. तिचा पहिला हेतू मुलाची प्रगती जाणणे हा होता की मूल खरे आहे की नाही हे पाहणे हा होता, याविषयी मतभेद संभवतो. तिच्या रकान्यांचा क्रम पाहता दुसरा हेतू अधिक प्रबळ होता असेच म्हणावे लागते.

मूल्यमापनाचा नवा विचार

दरम्यान शैक्षणिक विचारात एक महत्त्वाचे वळण आले होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा पुरस्कार केला आणि आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याचे तत्त्व स्वीकारले. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने त्याची चौकट आखली. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनास ७० टक्के व संकलित मूल्यमापनास ३० टक्के भारांश, सातवी-आठवीपर्यंत जाता जाता तो ४० व ६० असा उलटलेला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने. गुणांऐवजी 'अ-१' पासून 'इ-२' पर्यंत श्रेणी आणि जोडीला वर्णनात्मक नोंदी.

वर्णनात्मक नोंद ही या योजनेतील सर्वांत मौलिक कल्पना होय. 'समाधानकारक' या एका शब्दाची जागा प्रथमच वाक्याने घेतली. मूल गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते पण हातच्याची वजाबाकी करताना अडखळते, असे शिक्षकाने लिहावयाचे होते. प्रत्यक्षात काय झाले ते सर्वश्रुत आहे. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. पाठोपाठ श्रेणी टाकली की वाक्य आपोआप उमटविणाऱ्या एक्सेलच्या फायली शिक्षकांच्या गटांतून फिरू लागल्या. साठ मुलांच्या वर्गाला, आठ विषयांना आणि दोन सत्रांना गुणले असता जी संख्या येते ती पाहता शिक्षकास दोष देणे कठीण आहे. तथापि मुलाविषयी शिक्षकाचे स्वतःचे वाक्य हाच ज्या सुधारणेचा आत्मा, त्या सुधारणेत संगणकाचा पहिला व्यापक उपयोग ते वाक्य न लिहिण्यासाठी झाला, ही गोष्ट इतिहासाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

'सरल' आणि खाडीपलीकडचे मूल

२२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा आणि ३ जुलै २०१५ रोजी 'सरल' प्रणालीचा शासन निर्णय निघाला. 'सिस्टिमॅटिक ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिफॉर्म्स फॉर अचिव्हिंग लर्निंग बाय स्टुडंट्स' या लांबलचक नावाचे ते आद्याक्षरी रूप. पहिल्या कार्यक्रमानुसार भाषा व गणित या विषयांची पायाभूत चाचणी आणि नंतर संकलित चाचण्या घेऊन प्रत्येक मुलाची स्थिती जाणावयाची होती. दुसऱ्यानुसार शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची माहिती एकाच ठिकाणी आणून प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा होता. राज्यातील सर्व व्यवस्थापनांच्या शाळांतील प्रत्येक मूल प्रथमच नावानिशी एका यादीत आले, हे या प्रणालीचे निर्विवाद श्रेय आहे.

अंमलबजावणीची कथा मात्र त्रासाची आहे. विद्यार्थ्याच्या रक्तगटापासून बँक खात्यापर्यंतची माहिती मागविण्यात आली. रक्तगटाच्या रकान्यावरून तर पालकांत आणि शिक्षकांत बराच असंतोष उसळला. सर्व्हर दिवसा चालेना, म्हणून शिक्षक रात्री जागून नोंदी करू लागले. ज्या शाळांत संगणक वा जोडणी नव्हती तेथील शिक्षकांनी पदरमोड करून सायबर कॅफे गाठले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांव्यतिरिक्त अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. माहिती भरणे हे शैक्षणिक काम की अशैक्षणिक, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

मीरा-भाईंदरच्या दृष्टीने 'सरल'चा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे विद्यार्थ्याचे ऑनलाइन स्थलांतर. नव्या शाळेने जुन्या शाळेकडे विनंती पाठवावयाची, जुन्या शाळेने ती मान्य करावयाची आणि मग नाव नव्या शाळेच्या यादीत जावयाचे, अशी ही रीत. भाईंदरहून लोकलने खाडी ओलांडली की नायगाव लागते. घरभाडे परवडेनासे झाले की मीरा रोड वा भाईंदरचे कुटुंब नायगाव, वसई, नालासोपारा, विरार असे उत्तरेस सरकते, हे या पट्ट्यात नित्याचे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून ही खाडी जिल्ह्याची सीमाही झाली. अलीकडे महापालिकेच्या शाळा, पलीकडे महापालिका असूनही बराच काळ जिल्हा परिषदेकडेच राहिलेल्या प्राथमिक शाळा. वर्षाच्या मध्यास खाडीपलीकडे गेलेल्या मुलाचा पाठपुरावा जनरल रजिस्टरच्या काळात जवळजवळ अशक्य होता. 'सरल'ने तो निदान तत्त्वतः शक्य केला.

तत्त्वतः असे म्हणण्याचे कारण म्हणजे विनंती मान्य करणे हे जुन्या शाळेच्या हाती राहिले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला तत्काळ देणे बंधनकारक आहे आणि दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. परंतु थकीत शुल्कासाठी दाखला अडवून ठेवण्याची विनाअनुदानित शाळांतील जुनी सवय नव्या रूपात अवतरली. कागद अडविण्याऐवजी संगणकावरील विनंती पडून राहू लागली. मूल नव्या वर्गात बसलेले आणि नाव जुन्या यादीत, ही पटपडताळणीपूर्व अवस्था पोर्टलच्या आत पुन्हा निर्माण झाली. शिवाय राज्याबाहेर गेलेल्या वा राज्याबाहेरून आलेल्या मुलास या यादीत मागे काही इतिहासच नव्हता. हिंदी, उर्दू, गुजराती आणि मराठी अशा चार माध्यमांच्या शाळा महापालिकेस चालवाव्या लागतात, यावरूनच परप्रांतीय कुटुंबांचे या शहरातील प्रमाण ध्यानात येते. २०२२-२३ पासून 'यू-डायस प्लस'मध्ये विद्यार्थीनिहाय नोंद सुरू होऊन कायम शिक्षण क्रमांक आला, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली.

प्रगतीच्या नोंदीचे काय? पायाभूत चाचणीचे गुण ज्या शिक्षकाने मुलांना शिकविले त्यानेच तपासून भरावयाचे होते. पहिल्या चाचणीत गुण कमी आणि पुढील चाचणीत अधिक दिसणे सर्वांच्याच सोयीचे होते. निकालाशी प्रतिष्ठा जोडली की असे घडते. अमेरिकेत २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यानंतर अटलांटा शहरात शिक्षक व मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिका दुरुस्त केल्याचे २०११ च्या चौकशीत उघड झाले आणि त्यात १७८ जणांची नावे आली. महाराष्ट्रातील कार्यक्रम मुळात दंडात्मक नव्हता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटसारख्या ठिकाणच्या ज्ञानरचनावादी प्रयोगांतून त्याची प्रेरणा आली होती. परंतु तक्त्यातील हिरव्या-लाल रकान्यांना हेतू कळत नाही.

दोन पालक

या शहरात 'सरल'च्या समांतर दुसरे एक संगणकीय जग वाढले. विनाअनुदानित इंग्रजी शाळांनी खाजगी सॉफ्टवेअर विकत घेतली. आज मूल आले नाही, गृहपाठ झाला नाही, चाचणीत इतके गुण पडले, हे आधी एसएमएसने आणि पुढे ॲपवरून पालकाच्या हाती येऊ लागले. शुल्काची आठवणही त्याच मार्गाने येते, हा भाग वेगळा.

म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंच्या शाळांत नोंदीची दिशा परस्परविरुद्ध झाली. खाजगी शाळेतील मुलाची माहिती पालकाकडे जाते, कारण पैसे पालक देतो. महापालिका शाळेतील मुलाची माहिती राज्याकडे जाते, कारण पैसे राज्य देते. १८६० च्या दशकापासून चालत आलेला नियम सॉफ्टवेअरने मोडला नाही, उलट अधिक ठळक केला. ज्या मजूर वा मासे विकणाऱ्या आईला स्वतःच्या मुलाच्या वाचनाविषयी दोन वाक्ये कळण्याची सर्वाधिक गरज होती, तिच्यासाठी 'सरल'मध्ये खिडकीच नव्हती. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर तिने पूर्वीप्रमाणेच सही केली.

शालेय नोंदींचे महत्त्व सर्वांना एकदम उमगले ते २०२१ साली. कोविडमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीच्या अंतिम निकालास ५०, दहावीच्या लेखी मूल्यमापनास ३० व तोंडी-प्रात्यक्षिकास २० गुण धरून शाळांनी संगणकावर गुण भरले. १६ जुलै २०२१ रोजी लागलेला हा निकाल ९९.९५ टक्के होता. शाळेच्या स्वतःच्या नोंदीवर भविष्य ठरण्याची ही पहिलीच वेळ आणि ती नोंद कितपत विश्वासार्ह होती, याचे उत्तर त्या आकड्यातच आहे.

२०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुण 'विद्या समीक्षा केंद्रा'च्या चॅटबॉटवर भरले जाऊ लागले, हजेरीही तशीच नोंदविण्याचे आदेश निघाले, आणि पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा परत आली. 'अपार' हा राष्ट्रीय क्रमांक आला. त्यासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी लागते, ही या इतिहासातील लक्षणीय नवी गोष्ट होय. मुलाविषयीची नोंद करण्यापूर्वी पालकास विचारण्याची पद्धत यापूर्वी कधी नव्हती. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. मात्र 'अपार' मिळण्यासाठी आधार कार्डावरील नाव आणि शाळेतील नाव जुळावे लागते. उत्तर प्रदेशातून वा बिहारमधून आलेल्या मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा मराठी क्रम आधारशी बहुधा जुळत नाही. शाळेतील नाव चुकीचे असेल तर ते पोर्टलवर परस्पर बदलून भागत नाही. मुख्याध्यापकास कपाट उघडावे लागते, जनरल रजिस्टर काढावे लागते, आणि त्यातील दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे कागदी प्रस्ताव पाठवावा लागतो.